जो आधी थांबेल तो

प्रबोधला बर्फ ठाऊक होता तो आईस कचांगमधला. टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरात वाडग्यात किसून देतात, वर लाल-हिरवी सरबतं ओततात, तो. पुण्याहून बँकेच्या नोकरीसाठी सिंगापूरला आला त्याला वीसेक वर्षं झाली, पण त्यापलीकडे बर्फाशी गृहस्थाचा कधी संबंध आला नव्हता. तरी बर्फावर पळायचं कसं, हे मुलीला हा फोनवरून शिकवणार! आता काय बोलायचं?

पळणं मात्र त्याच्या रक्तात होतं. ऑफिसातून आला की पासिर रिसच्या पार्कात, समुद्राच्या कडेकडेनं. गार्गी आठ वर्षांची असल्यापासून त्याच्या बरोबरीनं पळायची आणि दोघांचा एक खेळ होता. जो आधी "थांबलो" म्हणेल तो हरला, त्यानं दुसऱ्याला आईस कचांग खिलवायचं. पोरगी इतकी हट्टी की पोटात कळ आली, टाचेला फोड आले, तरी तोंडातून ब्र काढायची नाही. आणि प्रबोधला त्याचं कोण कौतुक! तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात भेटेल त्याला सांगत सुटायचा, "आमची गार्गी थांबत नाही."

"अरे, पोरगी आहे ती, घोडा नाही," त्याची बायको सुनेत्रा म्हणायची. तिचं कोण ऐकतंय.

गार्गी शिकायला कॅनडात गेली, एका नदीकाठच्या लहानशा गावात, आणि खेळही तिच्याबरोबर गेला. दर शनिवारी इकडे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ झाली की दोघं कानात इयरफोन घालायचे, व्हॉट्सॲपवर फोन लावायचे आणि पळायला लागायचे. हा समुद्राकाठी, ती नदीकाठी. दोघांच्या अंगात मंडळाच्या मॅरेथॉन ग्रुपचे तेच ते पिवळे सुती टी-शर्ट. प्रबोधनंच आग्रहानं छापून घेतले होते ते.

उन्हाळा छान गेला. मग तिकडे थंडी पडली.

"बाबा, इथे विंटरमध्ये सगळे आत, ट्रॅकवर पळतात," गार्गीनं एकदा सांगून पाहिलं.

"छताखाली गोल गोल? ते काय पळणं झालं?" बाबा हसला. झालं, पोरगी बाहेरच पळत राहिली.

जानेवारीतल्या त्या शनिवारी पार्कात नेहमीची गर्दी होती. शेगड्यांवर कोंबडीचे पंख भाजत होते, मुलं सायकली उडवत होती. घामानं प्रबोधच्या डोळ्यांची आग होत होती. गार्गीकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं.

"बाबा, काल बर्फ थोडा वितळला आणि रात्री परत गोठलाय. रस्ता नुसता चकाकतोय."

"मग पाय उचल. ढांग लांब टाक, घसरायला वेळच मिळणार नाही."

"कॅन, कॅन, जमेल," ती धापा टाकत सिंगापुरी थाटात हसली. "तू थांबलास की मी थांबते."

"मी कशाला थांबतोय!"

पुढे थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मग वारा.

"गार्गी? ए गार्गी! बोल ना गं!"

शेगडीला वारा घालणारी एक चिनी बाई वळून बघायला लागली. प्रबोध रस्त्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हातांनी कान दाबून. इतका वेळ कुणी गप्प राहू शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाबा..." अगदी बारीक आवाज आला. "मी थांबले नाही हं. पडले."

प्रबोध तिथंच खाली बसला. हे असं बोलायला आपल्या लेकीला आपणच शिकवलं, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं.

पाऊल भलतीकडेच वळलंय, उठता येत नाही, आसपास चिटपाखरू नाही, असं तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. जॅकेटखालचा टी-शर्ट घामानं चिंब झाला होता आणि आता तोच गार पडून अंगाला चिकटला होता. दात वाजत होते तिचे.

"कुणाला सांगून निघाली होतीस का?"

"तुलाच."

प्रबोधला ना ती नदी माहीत, ना तो रस्ता.

"फोनची बॅटरी लाल झालीय, बाबा. मघाशी अर्धी होती. थंडीनं खाल्ली."

"मग माझा फोन ठेव. आत्ताच्या आत्ता ठेव आणि तिथल्या इमर्जन्सीला लाव."

"नको ना. तू जाऊ नकोस." लहानपणी तापात असली की म्हणायची, अगदी तसं म्हणाली. "थोडा वेळ बोल ना."

त्याच्यापाशी तिचं दुसरं काही नव्हतं, एवढा आवाजच होता. तो सोडायचा? आणि हेच तिच्याशी शेवटचं बोलणं ठरलं तर?

"फोन मग कपड्यांच्या आत धर, अंगाशी. नदीवर जवळ काय आहे ते आधी सांग त्यांना. ठेव, बाळा."

"तू ठेव आधी."

इथेही तिचं तेच! प्रबोधनं डोळे मिटले आणि आपल्या हातानं लाल बटण दाबलं.

त्यानंतर काही करण्यासारखं उरलंच नाही. तिला परत फोन लावावा तर तिची उरलेली बॅटरी जायची. त्यानं सुनेत्राला बोलावलं. घर जवळच होतं. ती घरातल्याच चपलांवर धावत आली. बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं, लांब ढांगांचंही सांगितलं, काही लपवलं नाही. सुनेत्रानं ऐकून घेतलं.

"तुझ्या त्या खेळापायी," एवढंच म्हणाली. पण त्याचं मनगट तिनं असं धरलं होतं की वळ उठले. पंख भाजून झाले, शेगड्या विझल्या, मंडळी घरी गेली, तरी दोघं तिथंच बसून होती.

शेवटी फोन वाजला. नंबर अनोळखी, बोलणारी नर्स होती. गार्गीनं इमर्जन्सीला पुलाचं नाव सांगितलं आणि लगेच तिचा फोन बंद पडला होता. तेवढ्यावरून गाडी पोचली. घोट्याचं ऑपरेशन करावं लागणार, अंग फार गार पडलंय, पण मुलगी शुद्धीवर आहे. "आणखी उशीर झाला असता तर..." नर्स म्हणाली आणि वाक्य तिनं तसंच सोडलं.

सुनेत्रा दुसऱ्या दिवशी निघाली. तिच्याकडे व्हिसा होता, प्रबोधकडे नव्हता. असता तरी काय! विमानतळावर ती म्हणाली, "तू नको येऊस इतक्यात." प्रबोधनं मान हलवली आणि तिची बॅग ट्रॉलीवर चढवली.

घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. गार्गी कुबड्यांवर चालली, मग काठीवर, मग तशीच. पुढची थंडी आली आणि एक दिवस तिनं फोनवर सांगितलं, पुन्हा बाहेर पळणार.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सुनेत्रा कडाडली.

"आई, इथे सहा महिने बर्फ असतो. भीती घेऊन बसले तर मला दुकानापर्यंतसुद्धा जाता येणार नाही."

पहिल्यांदाच प्रबोधनं सांगायचं सोडून ऐकून घेतलं. तिच्या गावातल्या पळणाऱ्या बायकांनी तिला सगळं शिकवलं होतं: बुटांवर लोखंडी दात्यांची रबरी जाळी चढवायची, पावलं बारीक टाकायची, पाय अंगाच्या खालीच सपाट पडू द्यायचा. आत सुती काही घालायचं नाही. वाट कुणाला तरी सांगून निघायचं. आणि चकाकणारं काही दिसलं की सरळ चालायचं, त्यात लाज कसली?

वेळ मात्र प्रबोधनं बदलून घेतली. तिच्याकडे लख्ख उजेड हवा, म्हणून आता तो रविवारी पहाटे उठायचा. तिच्याकडे तेव्हा शनिवारची दुपार असायची.

पहिल्या दिवशी सुनेत्राही बरोबर आली आणि त्याच बाकावर बसली. पार्क रिकामं होतं.

"बाबा, खेळ तोच हं," गार्गी म्हणाली.

नको म्हणणार होता तो. पण तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी खुशी होती. तो "बरं" म्हणाला.

तिच्या दात्यांचा खर्र-खर्र आवाज कानात येत होता, बारीक बारीक, एका लयीत. तिनं एक लाल पक्षी पाहिला, तो सांगितला. कुणाचा तरी कुत्रा दिसला, तोही सांगितला. मग बोलणं बंद झालं. श्वास तोकडा झाला.

"तो पूल आला का?" प्रबोधनं विचारलं.

"हो."

"सावलीत आहे?"

"हो. चकाकतोय."

खर्र-खर्र चालूच होती. पाय थांबत नव्हते, तोंडही उघडत नव्हतं. बायकांनी शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं, पण तो एक शब्द तिच्या तोंडून यायचा नव्हता. येणार कुठून? तो तिथे कधी रुजूच दिला नव्हता. प्रबोधच्या पायाखाली कोरडा, उबदार रस्ता होता, दमही लागला नव्हता. तो जागच्या जागी उभा राहिला.

"थांबलो," तो मोठ्यानं म्हणाला.

"काय?"

"थांबलो, बाळा. हरलो मी. आता चालत जा."

खर्र-खर्र मंदावली. थांबली. मग एकेक पाऊल सावकाश ऐकू यायला लागलं, मध्ये कठड्यावर हात घासल्याचाही आवाज आला. सुनेत्रा बाकावरून उठून उभी राहिली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ओलांडला, बाबा," बऱ्याच वेळानं गार्गी म्हणाली. प्रबोधनं बायकोकडे बघून मान हलवली. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तू थांबलास म्हणून हं. नाहीतर मी नसते थांबले."

"माहीत आहे," प्रबोध म्हणाला.