पाठीवरची टकटक

खुशालरावाने ठेकेदाराकडून जुनी फटफटी घेतली, तेव्हाच त्याच्या आईने, दुर्गाबाईने, बजावलं होतं, "तू एकटाच मर त्याच्यावर. कोनाले मागं बसवजो नको." वर्षभरात त्याने मागच्या सीटवर सरकीचं पोतंसुद्धा नेलं नव्हतं. आणि आज त्याच दुर्गाबाईने धाकट्या सुनेला, वच्छलाला, मागे बसवलं.

वच्छलाच्या मांडीवर तिची दोन वर्षांची शालू होती. घशात घटसर्पाचा पडदा आलेला. दम घेताना पोरीचा गळा आत ओढला जाई आणि करवत चालल्यासारखा आवाज येई. तिचा बाप, मोतीराम, कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेलेला आणि दिवसाची एकच प्रवासी मोटार सकाळीच निघून गेलेली. वैद्यबुवांनी हात टेकले. "आत्ताच अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या," एवढंच ते म्हणाले.

पण खुशालराव पडला वच्छलाचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिने त्याच्याशी कधी शब्द काढला नव्हता, मग त्याला धरणं कुठलं! पोर मरणाच्या दारात, तरी दुर्गाबाईला जनरीत आठवलीच. तिने दोघांच्या मध्ये पोत्याची घडी ठेवली, सुनेला एका अंगाला बसवलं, आणि खुशालरावाचा दुपट्टा तिच्या कमरेला गुंडाळून सीटमागच्या लोखंडी दांडीला गाठ मारली.

"आई, तिले सांग, मले धराले."

"बांधली ना बापा. पडत नाही आता."

गाडवाटेने पक्की सडक गाठेपर्यंत खुशालरावाचा जीव मुठीत होता. मागून ना हात, ना आवाज. इंजिनाच्या फटफटीत पोरीचा दमही ऐकू येईना. सडकेला लागताच त्याने गाडी थांबवली. मागे न बघता, रीतीप्रमाणे लेकराच्या नावाने तो बोलला, "शालू, तुह्या मायले सांग, तुहा दम चालू हाय तोवर माह्या पाठीवर टकटक करत राय म्हना."

मागे बांगड्या किणकिणल्या. मग खांद्याखाली दोन बोटं टेकली. टकटक.

त्या दोन बोटांवर तो गाडी हाकत राहिला. सडकेवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. टकटक झाली की तो मूठ पिळून वेग वाढवी, उशीर झाला की वेग कमी करून वाट बघी. गुरुकुंज मोझरी मागे पडली आणि एक बैल फटफटीला बुजून आडवा आला. खुशालरावाने गाडी सडकेखाली घातली. दगडांवरून दणादण आपटत ती पुन्हा वर चढली.

त्यानंतर टकटक आली नाही.

आता येईल, आता येईल, म्हणत त्याने एक गाव मागे टाकलं. मागचं वजन गाडीला जाणवत होतं, म्हणजे वच्छला बसलेली होती. मग पोरगी गेली? थांबून बघावं तर कळेल, आणि कळलं तर पुढे जायचं बळ कुठून आणायचं? तो भ्याला, साफ भ्याला. "वाजव ना माय, एकदा वाजव," असं पुटपुटत त्याने खड्डा पाहिला नाही की दगड पाहिला नाही, गाडी नुसती पळवली.

दवाखान्याच्या पायरीशी त्याने इंजिन बंद केलं. मागे वळायचा धीर होईना. तेवढ्यात ती करवत ऐकू आली. खुशालराव ढसाढसा रडला.

डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन सांगितलं, पोर वाचेल. तोंड पुसायला दुपट्टा घ्यावा म्हणून खुशालराव फटफटीपाशी गेला. दांडीला काही नव्हतं.

वच्छला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याने विचारलं, "शालूच्या माय, टकटक काहून बंद केली?"

आज पहिल्यांदाच तिने त्याला उत्तर दिलं. "मान पडली की दम अडके तिचा. मंग दोन्ही हातानं सरळ धरून ठेवली."

"अन् दुपट्टा?"

"बैल बुजला, तवाच सुटला. पडला मागं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी थांबले असते."

खुशालरावाने वळून फटफटीच्या मोकळ्या दांडीकडे पाहिलं. मोझरीपासूनचा एकेक खड्डा त्याने त्या गाठीच्या भरवशावर घेतला होता.