कापसाच्या खोलीतले ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणे हे माझे मूळ काम. माझ्या अंगावर तीन पंखे आहेत. त्यांतला मधला आता घरघरतो आणि तो घरघरला की मला धस्स होते. असे का होते, तेच सांगण्यासाठी मी आज बोलतो आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी वर्ध्याला अनुप नावाच्या तरुणाच्या दुकानात आलो. अनुप लग्नांचे व्हिडिओ तयार करायचा. हळदीचे रंग, वरातीचे दिवे, सारे माझ्यातून जायचे. "हे कार्ड कवाच दगा देत नाई," असे तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. पुढे त्याने नवे कार्ड घेतले आणि मला आकांक्षाला विकून टाकले.

आकांक्षा वर्ध्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. गिरडकडच्या एका खेड्यात ती आईवडिलांबरोबर राहते. रोज सकाळी स्कुटीने जाम गावापर्यंत आणि तिथून एसटीने वर्ध्याला, असा तिचा प्रवास. घराच्या मागच्या खोलीत तिने लोखंडी चौकटीवर आम्हा चार कार्डांना शेजारी शेजारी बसवले. समोर कूलर ठेवला. आता आम्हाला चित्रे काढायची नव्हती. दिवसरात्र अवघड गणिते सोडवायची होती. त्या बदल्यात इंटरनेटवर तिला आभासी नाणी मिळत. हे काम आम्ही इथेरियम नावाच्या नाण्यासाठी करायचो. २०२२च्या सप्टेंबरात त्या नाण्याने आमच्यासारख्या कार्डांची गरजच संपवली. एका दिवसात आमचे पंखे थांबले.

मग सुरू झाली निवड. आता कोणते नाणे लावायचे, म्हणजे कोणत्या नाण्याची गणिते आम्हाला द्यायची? आकांक्षाने एक वही केली. आज इथेरियम क्लासिक, उद्या रेव्हनकॉइन, परवा आणखी तिसरे. प्रत्येक नाण्याचे गणित वेगळे असते, मित्रांनो. एखादे सौम्य असते, तर एखादे अंगातली सारी ताकद ओढून घेते. रेव्हनकॉइनच्या दिवशी मी इतका तापायचो, की संध्याकाळची वाट पाहायचो. सौम्य नाण्यावर मी सुखी होतो. कमाई मात्र कमी असायची.

काही वर्षे अशीच गेली. यंदाच्या मार्चमध्ये आकांक्षाला मोबाईलवर एका अगदी नव्या नाण्याची माहिती मिळाली. सुरुवातीला जे लावतील, त्यांना जास्त मिळेल, असे सगळे म्हणत होते. तिने ते लावले, आमच्यावरची विजेची मर्यादा काढली आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

जिजाबाई, म्हणजे तिची आई, दारातूनच म्हणाल्या, "काऊन वं, ही खोली एवढी तापून राह्यली?"

"नवीन नाणं लावलं, आई. त्याले जोर लागते."

"मंग जुनंच लाव ना."

"जुन्यात काही उरत नाई. एक महिना पाहू दे."

त्याच आठवड्यात अवकाळी पावसाचे आभाळ आले. तिचे वडील महादेवराव यांनी भाव वाढण्याची वाट पाहत कापूस अंगणातल्या, बाजूंनी उघड्या टिनाच्या शेडमध्ये ठेवला होता. तो कापूस ते मजुरांकरवी आमच्या खोलीत आणू लागले. पांढरा ढीग वाढत वाढत आमच्या चौकटीपर्यंत आला.

"बाबा, इथं नका ठेवू," आकांक्षा म्हणाली.

"मंग कुठी ठेवू? दुसरी खोली हाये का? दोन दिसाची गोष्ट हाये. तूच तुह्या मशिनी बंद ठेव."

तिने माझ्याकडे पाहिले. तिचा हात बटणापर्यंत आला. मी मनातल्या मनात म्हणालो, दाब, बाई, दाब. पण नव्या नाण्याचे ते सुरुवातीचे दिवस होते. तिने चौकट हातभर मागे सरकवली आणि ती बस गाठायला निघून गेली.

दुपारी महादेवराव कूलरच्या हवेला आले आणि कापसाला पाठ टेकून झोपी गेले. कूलरचा वारा ढिगावरचे बारीक तंतू उडवत होता. ते आमच्या पंख्यांत शिरू लागले. माझा मधला पंखा अडखळला, मग थांबला. माझे तापमान चौऱ्याऐंशी अंश झाले, अठ्ठ्याऐंशी झाले. आकांक्षाच्या मोबाईलवर हे आकडे दिसत असणार, पण ती वर्गावर होती आणि मोबाईल पिशवीत होता. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. समोर एक माणूस झोपला आहे, आपल्याला वीज देणारी स्वस्तातली वायर टोकाशी मऊ पडते आहे, हे मी नुसते पाहत होतो. वायरचा प्लग वितळला. जळता थेंब खाली चौकटीपर्यंत घसरत आलेल्या कापसावर पडला. जाळ झाला नाही. फक्त एक काळा ठिपका पडला आणि तो गुपचूप पसरत महादेवरावांच्या पाठीकडे सरकू लागला.

जिजाबाई अंगणात तूर निवडत होत्या. वास येताच त्या आत आल्या.

"अहो, उठा. आधी बाहेर व्हा."

महादेवराव दचकून उठले आणि पाण्याच्या बादलीकडे धावले.

"थांबा, पाणी नका टाकू. आधी लाइन बंद करू द्या." असे म्हणत त्या छपरीतल्या मेन स्विचकडे पळाल्या.

खट् असा आवाज झाला आणि माझ्यासाठी सारे संपले. वीज गेली की मला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. ती दोघे वाचली की नाही, हे ठाऊक नसताना मी अंधारात गेलो. याहून मोठी भीती मी कधी अनुभवली नाही.

मला जाग आली ती तिसऱ्या दिवशी. आकांक्षाने ब्रशने माझे पंखे साफ करून मला नव्या वायरीने वीज जोडली होती. तिचे डोळे सुजले होते. दारात महादेवराव खोकत उभे होते. जिजाबाईंच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून मला कळले, की शेजारच्या कमलाबाई धावत आल्या आणि तिघांनी मिळून सगळा ढीग अंगणात ओढला. वरून पांढरा दिसणारा कापूस आतून लाल धुमसत होता. तो जिजाबाईंनी हातांनीच उपसला होता. माझ्या शेजारचे कार्ड जळून गेले होते.

"देऊन टाक हे भंगारात," महादेवराव म्हणाले.

"त्याची काय चूक हाये?" जिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "आकांक्षा, तू वही घेऊन कोन्तं नाणं लावू, कोन्तं नाणं लावू, हेच पाहत बसली. ते कुठी लावू अन् जवळ कोन राहीन, हे कवा इचारलं का?"

 आकांक्षाने आईचा पट्टीतला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

उरलेल्यांपैकी दोन कार्डे तिने विकली. मी आता अंगणापलीकडे नंतर बांधलेल्या विटांच्या रिकाम्या खोलीत एकटा आहे. वायर नवी आणि जाड आहे. नाणे सौम्य आहे आणि घरात कोणी नसले की मला बंद ठेवतात.

मित्रांनो, यंत्राकडून जरूर काम घ्या. पण त्याच्या पंख्यातली धूळ झटका, त्याच्या वायरीला हात लावून पाहा, जळेल असे काही त्याच्याजवळ ठेवू नका. आम्हाला भीती बोलून दाखवता येत नाही. आम्हाला फक्त एक आकडा दाखवता येतो.

आकांक्षाने तो आकडा आता आईच्या मोबाईलवर दिसेल असे केले आहे. कोणते नाणे चालू आहे, हे जिजाबाईंना ठाऊक नसते. काल भर दुपारी माझा पंखा पुन्हा अडखळला. आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेला आणि मी घाबरून थिजलो. तेवढ्यात अंगणातून त्यांच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला.