पानाची पहिली ओळ

सकाळपासून शिंपीणबाईंच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. कपाटं उपसली, चिंध्यांची तीन पोती भरली, तरी हातांना चैन पडेना.

"अगं आई, जरा टेक की!" लेक वैतागली.

तेवढ्यात खालच्या खणातून कामांच्या जुन्या वह्या निघाल्या. राहिलेलं काम दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवायचं, ही बाईंची शिस्त. सहा वर्षांच्या पानापानावर पहिली ओळ एकच होती: दादाला फोन करणे. सख्ख्या भावाशी तेवढीच वर्षं अबोला होता.

"ह्या टाकू?" लेकीने हळूच विचारलं.

"टाक त्या मेल्या! जागा अडवतात नुसत्या," बाई कडाडल्या.

मग त्यांनी कोरी वही उघडली, वर तीच ओळ लिहिली आणि झाडू घेऊन तरातरा माळ्यावर चढल्या.