तिसरीचा चेहरा

हफीजा गेली त्या दिवशी मी सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या दुकानात होतो. एसीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने आणलेला जुना पार्ट हातात घेऊन मी त्याच्यावरचा नंबर वाचत होतो, तेवढ्यात अफशाँचा फोन आला. अफशाँ आमची मुलगी, दम्मामला एका इस्पितळात लॅबमध्ये काम करते. इंग्रजी शाळेत शिकली, त्यामुळे आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर इंग्रजीतच देते. त्या दिवशी ती मराठीत म्हणाली, "अब्बू, दुकान बंद करून या."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

सकाळी हफीजा चांगली होती. मी निघताना तिने मला दरवाजातून परत बोलावून सांगितलं होतं की सहलीला जायचंय त्या जहाजावर गार वारा असतो, तर तुमचं स्वेटर आत्तापासूनच धुवून ठेवते. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. स्वेटर मशीनमध्ये ओलंच राहिलं होतं.

कागद पुरे व्हायला काही दिवस गेले. दफनाला तिचा धाकटा भाऊ शादाब बुरैदाहून आला. तो तिथे एका खजुराच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. इथे कबरीवर नाव लावत नाहीत. माती ओढली, दगड ठेवला, दुआ झाली आणि आम्ही गाडीत येऊन बसलो. शादाबने गाडी चालू केली नाही.

"भाईजान, त्या जहाजाची तिकिटं काढलेली आहेत ना?"

"आहेत."

"तुम्ही जा."

"मी एकटा जाऊन काय करू?"

"भिंत बघून या. आपाचं खरं निघालं तर मला सांगा." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "मला आता तेच हवंय."

ही भिंत काय, ते सांगतो.

हफीजा आणि शादाबचे वडील, म्हणजे बावा, जहाजावर होते. दाभोळ खाडीच्या काठच्या आमच्या गावांतून तेव्हा घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा. बावा उतारूंच्या जहाजावर होते. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचे तेव्हा मुलांना जहाजातल्या जेवणाच्या दालनाबद्दल सांगायचे. तिथे म्हणे एक मोठा जिना आहे आणि त्याच्या मागे भिंतभर चित्र आहे. द्राक्षं तोडणाऱ्या तीन बायका. पहिली वाकलेली, दुसरी हसणारी आणि तिसरी टोपली धरून उभी. तिसरीचा चेहरा मात्र दिसत नाही. का दिसत नाही, असं मुलांनी विचारलं की बावा म्हणायचे, "नाही दिसत. एवढी वर्षं बघतोय, एकदाही दिसला नाही."

हफीजा ही गोष्ट जन्मभर सांगत आली. तिच्या गोष्टीत बावा पांढरा कोट घालून साहेबलोकांना वाढत असायचे. शादाबला ते पटत नसे. ईदला सगळे जमले की वाद ठरलेला.

"कसला पांढरा कोट, आपा? बावा तळात टोप घासायचे. त्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची, ती विसरलीस?"

"मग ती भिंत त्यांना कशी माहीत?"

"बघितली असेल कुठल्या तरी कॅलेंडरवर."

"तुझ्या जन्माआधीपासून सांगतात ते."

"कॅलेंडरं माझ्या जन्माआधी नव्हती?"

गेल्या वर्षी अफशाँने इंटरनेटवर शोधून काढलं की ते जहाज अजून चालतं. दोन-तीनदा नाव बदललं, रंग बदलला, पण जहाज तेच. भूमध्य समुद्रात सहली करतं, आणि हा त्याचा शेवटचा मोसम, पुढे ते भंगारात जाणार. त्यातली एक फेरी जेद्दाहून सुएझमार्गे होती. हफीजाने मला न विचारता दोन तिकिटं काढायला लावली आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, "शादाब, माफीचं भाषण लिहायला घे." शादाबने उलट लिहिलं, "येताना बावांचा राहिलेला साबण घेऊन ये."

दफनानंतर जहाज सुटायला तीनेक महिने होते. बायको जाऊन इतके थोडे दिवस झाले आणि मी सहलीला जाणार, हे मशिदीत एक-दोघांना बरं वाटलं नाही. अफशाँ म्हणाली, "अब्बू, जस्ट गो." मी गेलो.

जहाज जुनं होतं आणि जुनंच दिसत होतं. रंगावर रंग चढून दारांच्या कडा गोल झाल्या होत्या. उंबरे उंच होते. वळणावर कुठेतरी पाइप ठोकल्यासारखा वाजायचा. बहुतेक उतारू माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे होते. केबिनमध्ये दोन पलंग होते आणि साफसफाईचा माणूस रोज दोन्हींवर स्वच्छ टॉवेल ठेवायचा. एक ठेवू नकोस, असं मी त्याला सांगितलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या दालनात गेलो. जिना होता. जिन्यामागे भिंत होती आणि भिंतीवर चित्र होतं. मी दारातच उभा राहिलो. हफीजाचं खरं होतं. फोन काढायला खिशात हात घातला आणि मग नीट बघितलं.

चित्रात चार बायका होत्या. त्यांच्या पलीकडे एक पुरुष आणि त्याचं खेचर होतं.

माझ्या टेबलावर हुफूफहून आलेलं एक मराठी जोडपं होतं, डॉक्टर हरीश आणि त्यांच्या पत्नी शर्मिला. शर्मिलाबाई बोलक्या होत्या.

"चित्र बघताय का, हारूनभाई? मघापासून मीही तेच बघतेय. ती तिसरी आहे ना, कोणालातरी हाक मारतेय बघा. काय चेहरा काढलाय."

"चेहरा दिसतोय तुम्हाला?"

"म्हणजे काय? चष्मा न लावतासुद्धा दिसतोय."

मलाही दिसत होता. टोपली कमरेवर धरलेली, मान वर, तोंड किंचित उघडं. हफीजा म्हणायची, ती रडत असेल म्हणून चित्रकाराने तिचा चेहरा लपवला. ती रडत नव्हती आणि तिला कोणी लपवलंही नव्हतं. मला वाटलं, बावांनी खरंच हे कुणाकडून तरी ऐकलं असणार आणि सांगणाऱ्याने अर्धवट सांगितलं असणार. मी मासा तसाच ठेवून उठलो.

"पात्रांव, मासळी आवडली नाही?" वाढणाऱ्याने विचारलं. कामिलो त्याचं नाव, गोव्याचा, वय झालेला. अर्धं कोंकणी, अर्धं हिंदी बोलायचा, मालक म्हणायच्या ऐवजी पात्रांव म्हणायचा, पण आम्हाला एकमेकांचं समजायचं.

"मासळी चांगली आहे. हे चित्र नंतर कोणी रंगवलंय का? वाढवलंय का?"

"रंगवणार कसं? टाइल्सचे तुकडे आहेत ते. जहाज बांधलं तेव्हापासूनचं आहे. त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही."

सुएझ कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरलो तेव्हा डेकवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पाण्यात फरक दिसला नाही. मी रेलिंगला धरून विचार करत होतो की शादाबला काय सांगायचं. हफीजा असती तर तिने माझ्याशीच भांडण काढलं असतं. म्हणाली असती, तुम्ही नीट बघितलं नाहीत, परत जाऊन बघा.

अलेक्झांड्रियाला सगळे शहर बघायला उतरले. मी उतरलो नाही. दालन रिकामं होतं, कामिलो चमचे पुसत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. माझे सासरे या जहाजावर होते, काय काम करायचे ते नक्की माहीत नाही, बायको म्हणायची वाढायचे, मेहुणा म्हणतो टोप घासायचे.

"त्या काळात?" कामिलो म्हणाला. "तुमच्या रत्नागिरीकडचे? वाढायला नव्हते घेत, पात्रांव. वाढणारे सगळे गोरे होते. मी लागलो तेव्हासुद्धा थोडे शिल्लक होते." मग चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "या."

त्याने मला झुलत्या दारातून मागे नेलं. मागे भांडी धुण्याची खोली होती. आता तिथे मशीन आहे, पण स्टीलचं जुनं मोठं टाकं तसंच आहे. टाक्याच्या समोर भिंतीत एक चौकोनी झरोका, उष्ट्या ताटल्या आत सरकवायला. त्याचा खालचा काठ ताटल्या घासून घासून मधे खोलगट झालाय.

मी टाक्यापाशी उभा राहून झरोक्यातून बघितलं. टेबलांचे पाय आणि जिन्याचा खालचा भाग दिसला. मग आठवलं, बावा ठेंगणे होते, माझ्या खांद्याला लागायचे. पण त्यांच्या उंचीइतका वाकलो तेव्हा नुसतं छत दिसलं. कामिलो म्हणाला, "खाली फळी असायची उभं राहायला. पाणी साचायचं ना." त्याने सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट सरकवून दिला. मी त्यावर चढून बावांच्या उंचीला येईपर्यंत गुडघे वाकवले.

पहिली बाई दिसली, वाकलेली. दुसरी दिसली, हसणारी. जिना वरून तिरका खाली येतो, तो बरोबर तिसरीच्या मानेवरून येत होता. टोपली दिसत होती, टोपली धरलेला हात दिसत होता, चेहरा जिन्याआड गेला होता. चौथी बाई, पुरुष आणि खेचर त्याच्याही पलीकडे, पूर्ण झाकलेले.

मी बराच वेळ तिथे उभा होतो.  नंतर कामिलोने मला हात देऊन खाली उतरवलं.

मी दोन फोटो काढले. एक झरोक्यातून आणि एक बाहेरून, समोर उभं राहून.

त्या संध्याकाळी शादाबचा मेसेज आला. "भाईजान, भिंत आहे का?"

"आहे," मी लिहिलं.

"आणि तिसरी?"

"भेटल्यावर सांगतो."

"बरं," असं त्याने लिहिलं.

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरात उतरून मी विमानाने परत आलो. तेव्हापासून मी ही गोष्ट बऱ्याचदा मनात फिरवली आहे. बावांनी आपण वाढतो असं सांगितल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्या तोंडून ती गोष्ट लग्नानंतर ऐकली होती. ते म्हणाले होते, "तिथे एक चित्र आहे." पांढरा कोट हफीजाचा होता. लहान मुलीने बापाला तो घातला आणि बापाने काढला नाही. झरोक्यातला फोटो शादाबला पाठवला तर हफीजाचं चित्र खरं ठरतं, पण फोटोच्या कडेला टाक्याचा नळ आलाय. तो कापून पाठवता येईल. तसं केलं तर शादाबला हवं होतं ते मिळेल. पण मग बावा एवढी वर्षं उष्ट्या ताटल्या घेता घेता वर बघत होते, ते त्याला कधी कळणार नाही.

मागच्या शुक्रवारी शादाब बुरैदाहून आला. खजुराचा खोका घेऊन आला. अफशाँने बोंबलाचं कालवण केलं होतं, हफीजासारखं झालं नव्हतं, तरी त्याने दोनदा घेतलं. जेवून झाल्यावर तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि आपली ताटली धुवायला लागला.

"मामू, लीव्ह इट ना," अफशाँ म्हणाली.

"असू दे गं. आपा पण ओरडायची."

ताटलीनंतर त्याने पातेलं घेतलं. मी दारात उभा होतो, फोन माझ्या हातात होता. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल. त्याने विचारलं, "भाईजान, घासणी नवी नाहीये का घरात?"

मी खालच्या कप्प्यातून नवी घासणी काढून दिली.

तो संध्याकाळी परत गेला. दोन्ही फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. शादाबला मी अजून काही सांगितलेलं नाही.