मला वास येत नाही

माझा नवरा खोटं बोलत नाही. लोकांना ह्याचं फार कौतुक वाटतं. त्यांनी एकदा अशा माणसाबरोबर संसार करून बघावा.

आमच्या ह्यांचं नाव धोंडिराम. साकीनाक्याच्या गिलिटाच्या गाळ्यांत ह्यांनी बावीस वर्षं काढली. नळाच्या तोट्या, कड्या, कोयंडे, जे येईल ते अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायचं आणि चकचकीत करून बाहेर काढायचं. पहिल्या पाच वर्षांतच त्या वाफेने ह्यांच्या नाकाची वाट लावली. तेव्हापासून दूध करपलं तरी ह्यांना कळत नाही. आता हे वॉचमनची नोकरी करतात आणि आमच्या विहाराचे सचिव आहेत. पंचशील आम्हीही म्हणतो, पण हे पाळतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच गिलिटाचा एक नवा गाळा सुरू झाला. त्याला धुराडं नाही की वाफ ओढणारा पंखा नाही, नुसती एक खिडकी, आणि ती आमच्या मोरीकडे उघडते. आमची तेजल नववीत. दमा तिला लहानपणापासून, पण त्रास व्हायचा तो वर्षातून एकदा-दोनदा. गाळा आल्यापासून ती आठवड्यातून दोनदा दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफ घेत बसायला लागली. डॉक्टर सरळ म्हणाले, हवा बदला, नाहीतर ह्या पोरीची फुप्फुसं विशीतच म्हातारी होतील. खोली विकून दुसरीकडे जायची आमची ऐपत नाही. म्हणजे गाळाच जायला हवा होता.

मी मोबाईलवर कायदा वाचून काढला. हवेच्या प्रदूषणाचा कायदा एक्याऐंशी सालचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यात सगळं आहे. असला गाळा चालवायला सरकारची संमती लागते, संमतीला अटी असतात, अटी मोडल्या तर वीज-पाणी तोडता येतं. वाचता वाचता मला रडूच आलं. आपल्यासारख्यांचा कुणीतरी इतका विचार करून ठेवलाय, ह्याचं. चाळीतल्या एकतीस जणांच्या सह्या घेतल्या आणि प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात तक्रार देऊन आले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. आमचे आठ झाले. मग एका मंगळवारी सकाळी मंडळाच्या अधिकारी दीप्ती मॅडम तपासणीला आल्या आणि मी नेमकी तेजलला घेऊन दवाखान्यात. झालं ते मला शेजारच्या शेवंतीने सांगितलं.

"मॅडम बरी होती गो," शेवंती म्हणाली. "पण गाळ्यात टाक्यो बंद. आज माल नाय, असा सांगल्यानी."

मॅडम येणार हे गाळ्याला आमच्या आधी कळलं होतं, दुसरं काय. मग मॅडमनी विचारलं, भिंतीला लागून खोली कुणाची? जबाब त्या घरातला हवा, आणि ज्याच्या नावावर खोली आहे त्याचा. खोली ह्यांच्या नावावर. मॅडम आमच्या दारात खुर्चीवर बसल्या, बरोबरचा कारकून उभ्या उभ्या लिहून घेत होता.

"काका, मागच्या कारखान्यातून उग्र वास येतो का?"

"मला वास येत नाही," हे म्हणाले. पुढे सांगायला लागले, "मी बावीस वर्षं गिलिटात..."

"विचारलंय तेवढंच सांगा, काका," कारकून म्हणाला.

लिहिलेलं वाचून दाखवलं. प्रश्न, कारखान्यातून उग्र वास येतो काय? उत्तर, मला वास येत नाही. ह्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचला. शब्द न् शब्द खरा होता. ह्यांनी सही केली.

मी दुपारी आले तर हे शांतपणे भाजी निवडत बसलेले.

"काय सांगितलंत त्यांना?"

"खरं ते. मला वास येत नाही."

"अहो, येत नाही म्हणजे तुमच्या नाकाला येत नाही. कागदावर त्याचा अर्थ तिथे वासच नाही असा होतो ना."

ह्यांनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी ह्यांचा चेहरा उतरला. आठ महिने मीच धावून त्या मॅडमना घरी आणलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात गेलो. मॅडम खरंच वाईट नव्हत्या. असत्या तर चार शिव्या घालून मी मोकळी तरी झाले असते. मी त्यांना सगळं समजावत होते, तेवढ्यात हे मध्येच पुढे झाले आणि म्हणाले, "येतो, मॅडम. वास येतो. सडक्या अंड्यांसारखा."

पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा माणूस खोटं बोलला, आणि तेही धड नाही. तो वास अंड्यांचा नाही, आंबट आहे, घशात काट्यासारखा रुततो. ह्यांना कुठून आठवणार?

"काका, काल तुम्ही येत नाही म्हणालात, आज येतो म्हणता," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी कुठलं खरं धरू? सही केलेला जबाब मला खोडता येत नाही. डॉक्टरचा कागद आहे का नाकाचा?"

नव्हता. मी म्हटलं, यंत्र आणून हवाच मोजा ना. त्या म्हणाल्या, नव्याने अर्ज द्या, यादीत नंबर लावते.

अर्ज दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं ते जुन्या तक्रारीचं. 'लगतच्या रहिवाशाने वास येत नसल्याचे जबाबात नमूद केले आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' त्याच आठवड्यात गाळ्याला पाच वर्षांची संमती मिळाली. गाळ्याच्या शेठने ह्यांना रस्त्यात गाठून पेढ्यांचा बॉक्स हातात दिला. ह्यांनी तो परत दिला आणि घरी येऊन मोरीत तोंड धूत बराच वेळ उभे राहिले. राग मला अजून आहे, पण तो कुणावर काढायचा हे कळत नाही.

त्यानंतर तेजलला असा अ‍ॅटॅक आला की तीन दिवस ऑक्सिजनवर होती. घरी सोडल्यावर मी तिला भिंतीजवळ झोपवलं नाही, सरळ हिंगोलीला माझ्या बहिणीकडे, मालनकडे, नेऊन पोहोचवलं. शाळा तिथलीच.

काल तिचा फोन आला. हे अंघोळीला गेले होते. महिना झाला, पंप एकदाही लागला नाही म्हणाली. पळायच्या शर्यतीत नाव दिलंय. मग म्हणाली, "आई, मी आता तिकडे येणार नाही. राहायला तर नाहीच, सुट्टीतही नको. पप्पांना तू सांग, मला नाही सांगता येणार."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पाच वर्षांची संमती आहे. तोवर ती एकोणीस वर्षांची होईल.

हे डोकं पुसत बाहेर आले. "तेजल होती का? कधी येते म्हणाली?"

"दिवाळीत," मी म्हटलं.

ह्यांनी मान डोलावली आणि ताट घ्यायला वळले. हे स्वतः खोटं बोलत नाहीत, म्हणून समोरचाही बोलत नसेल असं ह्यांना वाटतं.