नारळ फुटल्यानंतर

घेतलेला संकल्प तडीस न्यावा, हे खरेच. परंतु संकल्पामागचे निदान थकव्याने केलेले असेल, तर माघार घेणे हाही धर्मच होय. ती घेताना लाजेचा घोट मात्र गिळावा लागतो. अंधेरीच्या गॅरेजात त्या सायंकाळी मेकॅनिक लवूवर तीच वेळ आली.

विद्याधर आगाशे यांची परदेशातून आणलेली टर्बो गाडी बॉनेटखालून वाफ सोडत होती. रेडिएटरचे पाणी घटे, पण जमिनीवर थेंब नसे. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसताच लवू म्हणाला, "साहेब, हेड गॅस्केट गेलं. पाणी तेलात मिसळतंय." सकाळपासून राबून त्याचे डोळे जड झाले होते, पुढे तपासण्याचे त्राण नव्हते.

हेड उघडले की जुने गॅस्केट पुन्हा बसत नाही, आणि नवे बाहेरून यायला महिने लागतात. तोवर विद्याधरांच्या पत्नी वसुधाबाईंचे शनिवारी जुहूला समुद्र पाहणे बंद. संधिवाताने ताठलेले त्यांचे पाय टॅक्सीत मावत नसत.

"उघड मग," विद्याधर एवढेच म्हणाले.

रिवाजाप्रमाणे लवूचा थोरला चुलतभाऊ राजाराम याने नारळ फोडला. नारळ फुटला की इंजिन उघडायचेच. त्या दारात कोणी कधी मागे फिरले नव्हते.

पहिल्या बोल्टला पाना लावला आणि लवूचा हात थबकला; सायीखालचे तेल त्याने पाहिलेच नव्हते. त्याने तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल काळेच होते. दुधाळपणाचा लवलेश नव्हता.

"साहेब, एरवी गाडी कुठे नेता?"

"कुठेच नाही रे. शनिवारी जुहू, नि परत घर."

एवढ्याशा फेरीत इंजिन पुरते तापत नाही. ओलावा झाकणाखाली साचून त्याची साय धरते. लवूने निवलेल्या रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू केले. गॅस्केट फाटले असते तर पाण्यात बुडबुडे उसळले असते. पाणी निवांत होते. मग त्याने टर्बोमागे विजेरी धरली. पाण्याच्या पाइपच्या सांध्याशी पांढरा क्षार वाळला होता. गळणारा थेंब तापल्या टर्बोवरच वाफ होऊन जात होता.

"दादा, गॅस्केट शाबूत आसा. पायपाचो सांधो गळता."

"मगे माका नारळ कित्याक फोडूक लावलंस?" राजाराम उखडला. "आता उघडूकच व्हया!"

"नारळ देवाक फोडलो, इंजिनाक नाय. देव काय बोल्ट मोजूक बसलो हा?"

"शाणो झालंस!"

लवूने हात पुसले. "साहेब, चुकलो. बघायच्या आधी बोललो."

विद्याधर पुढे झाले. "म्हणजे... शनिवारी?"

"पाइप बदलतो. बाईंना खुशाल न्या. पण जुहूवरून लगेच फिरू नका, पुढे मार्व्याच्या किनाऱ्यापर्यंत जा. इंजिन तापलं पाहिजे."

राजारामने नारळाची एक वाटी कागदात गुंडाळली आणि विद्याधरांच्या हाती दिली. "बाईंका परसाद."

वसुधाबाईंना समुद्र असाच भेटत राहो, आणि शिणलेल्या त्या दोघा भावांना रात्री गाढ झोप लाभो.