बॉनेटवरचा पंजा

सूर्य डोंगराच्या वर यायच्या आत विठ्ठलरावांच्या अंगणात शंभरएक माणसं जमली होती. ढाब्यावरचे लोक गल्ले सोडून आले होते, शाळेची पोरं दप्तरांसकट आली होती. सगळ्यांचे डोळे एका राखाडी गाडीच्या बॉनेटवर. रात्रभर दव पडलं होतं आणि त्या दवात एका माणसाचा पंजा उमटला होता. बाकी बोटं पूर्ण, करंगळी अर्धी.

विठ्ठलरावांची करंगळी अशीच अर्धी होती. कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. टाके मीच घातले होते. आणि विठ्ठलरावांना, गावाच्या अण्णांना, जाऊन चार महिने झाले होते.

"अण्णाच हायेत," कुणीतरी पुटपुटलं. "गाडी सोडंनात."

ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या या गावात माझा दवाखाना आहे, राहते सूसला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी तो पंजा पाहून माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला हवं. ऊन चढलं की तो विरायचा आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तिथंच उमटायचा. पंधरा दिवस हे चाललं होतं.

श्रावणात विठ्ठलरावांच्या छातीत कळ आली. मुलगा शेखर कामावर गेलेला. सून शुभांगीनं त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली. वाटेत झाड आडवं पडलं होतं, ते हलवण्यात वेळ गेला. पौडचं इस्पितळ यायच्या आत अण्णा गेले. त्या दिवसापासून शुभांगीनं गाडीची किल्ली हातात घेतली नाही. झोप येत नाही म्हणून ती माझ्याकडे आली. मी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

सासूनं, रत्नाबाईंनी, दुसरा उपाय शोधला. गाडीची दृष्ट काढायला बहिरूबाबाला आणलं. पंजा पहिल्यांदा दिसला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आजही बाबा आला होता. त्यानं बॉनेटवर हात टेकला, डोळे मिटले आणि फोनला रेंज नसल्यासारखा ओरडू लागला. "व्हय अण्णा! बोला अण्णा! काय म्हनता? जरा मोठ्यानं!" मग डोळे उघडून गर्दीकडं वळला. "अण्णा म्हनत्यात, सुनंनं मुद्दाम सावकाश नेलं. तिला म्हायेरी धाडा, कायमची. गाडी बाबाच्या मठात द्या. मग मी सुटंन."

"बाबा, रोज धुतोय, पन पंजा जात न्हाई," शेखर म्हणाला.

"सात हिरींच्या पान्यानंबी जायचा न्हाई! आन् साबन लावायचा न्हाई बरं का. आत्म्याला साबन झोंबतो."

रविवारी अमावास्या होती. गाडी द्यायची आणि शुभांगीला पाठवायचं, असं ठरलं.

मी शुभांगीला बाजूला घेतलं. "तुला हे पटतं?"

"खरं असंल, डॉक्टर," ती खाली बघत म्हणाली. "वळणावर मी ब्रेक मारला हुता. त्यांनी माझा हात धरला, आन् मी सोडवून घेतला. गिअर टाकायचा हुता."

रत्नाबाई तेव्हा गाडीपाशी होत्या. लोक पांगल्यावर त्या रोज त्या पंज्यावर आपला तळवा ठेवून उभ्या राहायच्या.

त्या रात्री मलाही झोप नव्हती. सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आले. आमच्याकडं टँकरचं पाणी, त्यामुळं पाइप लावून गाड्या धुवायला बंदी. पौडहून येणारी निखत बिनपाण्याचा स्प्रे घेऊन गाड्या पुसते. स्प्रे मारायचा, मऊ फडक्यानं धूळ उचलून घ्यायची, फडक्याची घडी उलटून स्वच्छ बाजूनं चमकवायचं. आदल्या दिवशी माझी गाडी पुसता पुसता तिला घरून फोन आला आणि अर्धं बॉनेट राहिलं. त्या अर्ध्यावर आता दवाचा ओला पापुद्रा पसरला होता. पुसलेल्या अर्ध्यावर मात्र दवाचे टपोरे पांढुरके मणी उभे होते. मध्ये सरळ रेघ, आखल्यासारखी.

मी जागेवर थबकले. "निखत, हे असं का गं?"

"स्प्रेमध्ये मेण असतं, मॅडम. पाणी चिकटत नाही, गोळा होऊन बसतं."

"आणि नुसत्या पाण्यानं धुतलं तर जातं?"

"लगेच कुठं जातंय! भांड्याच्या साबणानं घासलं तर उतरेल."

साबण आत्म्याला झोंबतो. मी तिला म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चल. बाटली घे."

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शुभांगीची बॅग ओट्यावर भरून ठेवली होती. बाबा लिंबू फिरवत होता. निखत कुणाला न विचारता गाडीच्या मागं गेली, डिकीवरचं दव कोरडं पुसलं, तळव्यावर स्प्रे मारला, करंगळी मुडपली आणि हात पत्र्यावर दाबला. वाळेपर्यंत थांबली. पत्र्यावर काही दिसत नव्हतं. मग तिनं तांब्यातलं पाणी शिंपडलं.

"अण्णा हितंबी!" एक पोरगं किंचाळलं.

"अण्णा नाहीत, मी आहे," निखत म्हणाली. "पौडची निखत. मी अजून जिवंत आहे."

मग मागून कुणीतरी खुसफुसलं आणि गर्दी सैल झाली.

बाबा गरजला, "ही नजरबंदी हाय! अण्णांचा कोप हुईल!"

शेखरनं त्याची झोळी ओढली. आत अंगारा, लिंबं आणि लेबल खरवडलेली एक बाटली. निखतनं ती हुंगली. "हाच स्प्रे. मॅडम म्हणाल्या, दर वेळी हात टेकून डोळे मिटता. ते हा तळव्याला लावून, करंगळी मुडपून होय?"

"तीर्थ हाय ते!"

"मग घ्या घोटभर, बाबा."

बाबानं बाटलीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि घोट काही घेतला नाही. पोलिसांत तक्रार झाली तेव्हा कळलं, हा गडी पूर्वी महाळुंग्याला गाड्या धुवायच्या सेंटरवर कामाला होता.

शुभांगी पुढं आली. निखतकडून तळव्यावर स्प्रे घेतला, करंगळी मुडपली आणि दारावर हात टेकवला. पाणी शिंपडलं. तिच्याच हातातून सासऱ्यांचा पंजा उमटला. किती तरी वेळ ती त्याच्याकडं बघत राहिली. मग आत जाऊन भांड्याचा साबण आणि बादली घेऊन आली.

"जरा थांब," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांनी बॉनेटवरच्या पंज्यावर एकदा हात ठेवला. उचलला. "पूस आता. ह्यो त्यांचा न्हाई." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या.

मग मी सगळ्यांसमोर बोलले. चार महिन्यांपूर्वीच बोलायला हवं होतं. "अण्णांचा इस्पितळातला अहवाल मी तेव्हाच वाचला होता. त्यांच्या हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती. त्यातून ते वाचले असते की नाही, हे मी डॉक्टर असून सांगू शकत नाही. पण झाड शुभांगीनं पाडलं नव्हतं. त्या रस्त्यावरून तिच्यापेक्षा लवकर कुणी पोचलं नसतं. त्यांनी हात धरला, कारण शेवटी जवळ आपलं माणूस होतं."

शुभांगी माहेरी गेली नाही. पुढच्या आठवड्यात रत्नाबाई रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा गाडी तीच चालवत होती. अजूनही त्या वळणावर तिचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, असं तिनं सांगितलं. ते एकदम थांबणार नाही. पण आता ती रात्रीची तीन-चार तास झोपते.

त्या बाटलीत जादू नव्हती. घरातलं माणूस गेलं की मागच्यांना एकच प्रश्न छळतो : माझं काय चुकलं? ज्यांना उत्तर ठाऊक होतं ते आम्ही गप्प बसलो, म्हणून बाबाचं फावलं. तुमच्या दारात असा पंजा उमटला तर भीती वाटेल, वाटू द्या. पण जो म्हणतो साबण लावू नका, त्याला आधी विचारा, का? आणि उत्तर येईपर्यंत घरातल्या कुणालाही दोषी ठरवू नका.